आईच्या वांग्याला संरक्षण

...आणि वर हे मलाच म्हणतात, "सुमन, मी तुझ्या वांग्याला संरक्षण देत होतो." संरक्षण म्हणे! अहो, वांगं ते, त्याला काय सीमेवर पाठवायचं होतं? बसा हो मीनावहिनी, खुर्ची ओढून घ्या, हळदीकुंकू झालं तरी आज कुणी लगेच उठायचं नाही, कारण मला सगळ्यांसमोर बोलायचंय. गेल्या संक्रांतीला मी तुम्हाला वांग्याचं बी लुटलं, ते एकीच्याही घरी उगवलं नाही, आणि तेव्हापासून या बरखेड्यात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मला कळत नाही असं समजू नका. सुमनताईंचा हात आखडला. सुमनताईंनी जुनं, किडकं बी खपवलं. तिवारी भाभी तर दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "भाभीजी, बुरा मत मानना, पर इस बार बीज की जगह राई दे दी क्या?" राई! अहो, ज्या बाईनं वर्षानुवर्षं माझ्या वांग्याचं भरीत वाटी पुसून खाल्लं, तिनं मला राई विचारावी... रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला माझ्या. तेव्हा आज ऐका, आणि मग ठरवा कुणाला काय म्हणायचं ते. ह्यांना मी तुलसी नगरला भाऊजींकडे तिळगूळ द्यायला पिटाळलंय, दोन तास तरी येत नाहीत.

आता ते वांगं माझं नाही, हे तर तुम्हाला माहीतच आहे. माझ्या आईचं. माझं माहेर आर्वीचं, लग्न झालं आणि ह्यांच्या कारखान्याच्या नोकरीपायी आम्ही इथं भोपाळला आलो, तेव्हा आईनं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ते बी भरून दिलं. पोरीला परमुलखात काय द्यावं? तर वांग्याचं बी! आमच्या सासूबाई हसल्या होत्या. पण आईनं बजावलं होतं, "बी आधी वाटायचं. वाटून उरेल ते आपलं. वाटलेलं बी मरत नाही." झालं, तेव्हापासून दर संक्रांतीला मी पुड्या बांधते, आधी तुम्हाला, आणि ज्या पुड्या ताटात उरतील त्या पावसाळ्यात माझ्या वाफ्यात. माझ्यासाठी वेगळं असं मी कधी काढून ठेवलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा सत्यानाश याच्यावरच आहे.

आता आमचे हे. नोकरीभर ह्यांनी एकच काम केलं, दुसऱ्यानं केलेला माल नापास करायचा. तपासणी खात्यात होते ना! रिटायर झाले तरी ती खोड जाते का? पोळी गोल नाही, नापास. पडदा एका बाजूनं लांब, नापास. मग एक दिवस मंडळात कुणाचं तरी व्याख्यान झालं, पिकांच्या वाणांवर हक्क कसा नोंदवायचा त्याच्यावर. हे गेले होते चहासाठी, पण आले ते पेटूनच. चप्पल काढायच्या आधी सुरू, "सुमन, तू काय करून बसली आहेस तुला कल्पना आहे का? तू आपली बौद्धिक संपत्ती चौकात फेकतेस!" मी म्हटलं, मी वांग्याच्या पुड्या देते. "तेच ते! आख्ख्या आशियात आज बियाण्यांवरून कोर्टकचेऱ्या चालल्यात, लोक गावठी बी उचलतात, वर नाव लावतात आणि मोकळे होतात. आपल्याला संरक्षण हवं."

आणि संरक्षण हवं तर म्हणे वांगं तीन परीक्षांत पास व्हायला लागतं. एक, ते बाकीच्यांपेक्षा वेगळं हवं. दोन, सगळी झाडं एकसारखी हवीत. तीन, वर्षानुवर्षं तस्संच राहायला हवं. मी मनात म्हटलं, या हिशेबानं तुमचीच नोंदणी करायला हवी, रोज तेच बोलता आणि इतकी वर्षं तस्सेच आहात... फक्त वेगळेपणात नापास व्हाल, कारण असा एक एक घरोघरी आहे. हसू नकोस गं संपदा, तुझ्याकडचा अजून नवा आहे.

त्या दिवसापासून माझ्या वाफ्याचा कारखाना झाला. सकाळी उठायचं, दात घासायच्या आधी वर्नियर घेऊन परसात. वर्नियर म्हणजे तो लोखंडी चिमटा, यंत्राचे भाग मोजायचा... त्यानं वांगी मोजायची. आईचं वांगं कसं? फिकट हिरवं, वर जांभळ्या रेघा, एखादं लांबट, एखादं बुटकं, देठाला काटे. साल इतकी पातळ की निखाऱ्यावर ठेवलं की सुस्कारा टाकतं. एका आईची पोरं तरी सारखी असतात का? पण ह्यांनी खडूनं फुल्या मारल्या, आणि ज्या झाडाचं वांगं बुटकं ते झाड उपटलं. फळाला लागलेलं झाड हो! मी ओरडत बाहेर आले तर म्हणतात, "एकसारखेपणाला बाधा येत होती." संरक्षण म्हणे! भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला.

त्यात अभिजीत आला. अभिजीत म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, मंडीदीपकडे एका बियाण्याच्या कंपनीत आहे. पोरगा गुणी, पण जेवला की बोलतो. भरीत खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाला, "मावशी, थोडं बी दे ना, कंपनीत लावून बघतो." मी दिलं मूठभर. दारात आलेल्याला नाही म्हणायचं मला शिकवलेलं नाही. तो पायऱ्या उतरतो न उतरतो तोच हे, "दिलंस? कंपनीच्या माणसाला दिलंस? अगं, मागच्या महिन्यात तो थायलंडला गेला होता बियाण्यांच्या परिषदेला! तिथं काय वांगी खायला गेला होता? उद्या आपलं वांगं बँकॉकहून पाकिटात येईल, आणि तुला स्वतःच्या परसात लावायला परवानगी मागावी लागेल!"

बरं, संक्रांत तोंडावर. हे म्हणाले, या वर्षी बी वाटायचं नाही. मी म्हटलं, मी मेल्यावर. मग एकदम गप्प झाले. नवरा एकदम गप्प झाला की बाईनं सावध व्हायला हवं, पण मी तिळाच्या वड्यांत. आदल्या दिवशी बाजारातून आले तर घरात कसला तरी भाजका वास. विचारलं, तर म्हणतात, "पापड भाजला." मला तेव्हाच कळायला हवं होतं, अहो, या माणसानं आयुष्यात पापड भाजलेला नाही!

पुड्या वाटल्या. तुम्ही खूष, मी खूष. आणि हे कोपऱ्यात उभे राहून असे गालातल्या गालात हसत होते की मला वाटलं, चला, सुधारले.

मग पाऊस आला, मी वाफा केला, उरलेल्या पुड्यांतलं बी टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं. काही नाही. ओल्या फडक्यात बांधून पिठाच्या डब्यामागे उबेला ठेवलं, तेव्हाही एक कोंब नाही. तिकडे तुमचं एकेकीचं यायला सुरू. मीनावहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे उगवलं नाही हो, आमचीच माती खराब असेल," म्हणजे बिचाऱ्यांनी किती सांभाळून सांगितलं, आणि मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी मी त्या रिकाम्या वाफ्यापाशी बसून रडले. खोटं कशाला सांगू, आई गेली तेव्हा मी भोपाळातच होते, वेळेवर पोचले नाही, आणि तिचं म्हणून माझ्याकडे हे एवढंच होतं. तर हे आले, पाठीवर हात ठेवला आणि अगदी समजुतीनं म्हणतात, "अगं, रडतेस काय? ते वाटायचं बी होतं, ते उगवणारच नाही. आपलं घरचं जे वेगळं ठेवलं आहेस ते लाव ना."

मी म्हटलं, कुठलं वेगळं?

"आपलं गं. मूळ बी. ठेवत असशील ना दर वर्षी?"

मी म्हटलं, वाटून उरेल ते आपलं. तेच हे.

तुम्हाला सांगते, या माणसाचा चेहरा असा पांढराफटक पडला की क्षणभर मला वाटलं डॉक्टर बोलवावा. मग हळूहळू बाहेर आलं. पापड नव्हता तो. माझ्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये ह्यांनी सगळ्या पुड्या ओळीनं मांडून भाजल्या होत्या! "दिलं नाही तर तुझी नाचक्की, दिलं तर चोरी. म्हणून द्यायचं, पण उगवणार नाही असं द्यायचं. एकालाही संशय आला नाही, सुमन. रंगसुद्धा बदलू दिला नाही मी." अभिमान होता हो आवाजात! इतकी वर्षं घरात राहून या माणसाला हे माहीत नाही की बायको स्वतःसाठी वेगळं काही काढून ठेवत नाही. वांगीच कशाला, बटाटेवड्याचं ताट बघितलं असतं तरी कळलं असतं. कुंपणानंच शेत खाल्लं, आणि वर कुंपण म्हणतं, बघ मी किती सरळ उभं आहे. संरक्षण म्हणे! शी! त्या दिवसापासून मला त्या ओव्हनकडे बघवत नाही.

आणि तुमच्यापैकी एकीकडेही जुनं बी नाही. का ठेवाल? सुमनताई देतातच दर वर्षी. नाही, मी तुम्हाला बोलत नाही... बोलतेय थोडी.

मग मीच अभिजीतला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, तुझ्या कंपनीनं ते चोरलं असेल तर तुझ्या तोंडात साखर पडो, त्यातलं चिमूटभर परत दे. तर तो चाचरायला लागला. "मावशी, रागावू नकोस, पण आमच्या साहेबांनी ते नापास केलं. साल पातळ आहे, ट्रकमध्ये दोन दिवस टिकायचं नाही. आणि झाडं सगळी एकसारखी आली नाहीत." ऐकलंत? ज्यांच्या भीतीनं ह्यांनी घरात होळी पेटवली, त्यांना ते नकोच होतं! मला सुटकेचा आनंद व्हावा की नाही? नाही झाला. संताप झाला. माझ्या आईचं वांगं नापास करणारे हे कोण? त्यांच्या साहेबाला एकदा भाकरीबरोबर खायला घाला म्हणावं, मग बोलू दे त्याला.

पण पोरगं खरंच गुणी. म्हणाला, "कंपनीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये थोडं उरलंय, विचारून आणतो." आणलं. चांदीच्या कागदाचं पाकीट, वर नाव नाही, नुसता नंबर. माझ्या आईच्या वांग्याला कैद्यासारखा नंबर. आणि सोबत एक कागद, की हे बी तुमच्या वापरासाठी, दुसऱ्या कुणालाही देणार नाही, करा सही. मी म्हटलं, मूठभर मी दिलं तेव्हा मी कागद मागितला होता का रे? तो खाली मान घालून म्हणाला, "मावशी, नियम आहे. खरं म्हणजे कायद्यात शेतकऱ्याला बी ठेवायची, पेरायची, वाटायची मोकळीक आहे, पण आमच्या स्टोअरमधून बाहेर काढायचं तर हा कागद लागतोच." मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, ही मोकळीक व्याख्यानात सांगितली नव्हती? तर म्हणतात, "तेव्हा मी समोसा घ्यायला उठलो होतो."

आणि सही कुणी केली? ह्यांनीच. चष्मा लावून, कलम कलम वाचून, मान डोलवत, "वा! काय चोख मसुदा आहे! सुमन, बघ, याला म्हणतात संरक्षण."

लावलं मी. उगवलं. दसऱ्यानंतर पहिलं वांगं आलं, बुटकंच होतं, ह्यांच्या फुलीचं. गॅसवर ठेवलं आणि त्यानं सुस्कारा टाकला... तशीच उभी राहिले मी ओट्यापाशी, करपलं जरासं.

आता आज. ह्यांनी आठवडाभर आधीच ताकीद दिली, "सही झाली आहे, बी कुणाला जाता कामा नये. या वर्षी प्लास्टिकचे डबे वाट." आणि स्वतः जाऊन आणले हे डबे, झाकण नीट बसतं का ते प्रत्येकाचं तपासून. बघा, आहेत की नाही सुंदर? घ्या एकेक. तिवारी भाभी, ये लीजिए, और घर जाके खोलिए, यहाँ नहीं. हो, आहे आत. हलवून बघायची गरज नाही संपदा, राई नाहीये ती! सही त्यांची आहे, त्यांनी पाळावी. मी कुठं काय लिहून दिलंय?

घ्या, मीनावहिनी, तुम्ही दोन घ्या, सुनेला एक. घेतलं सगळ्यांनी?... ताट रिकामं? एकही डबा उरला नाही?

असू दे, असू दे, परत कशाला करताय. लावा तुमच्या तुमच्या वाफ्यात. पावसाळा लागला की मीच येईन वाटी घेऊन कुणाच्या तरी दारात, तेव्हा चिमूटभर द्या म्हणजे झालं. माझ्या घरात नकोच ते ठेवायला. माझ्या घरात संरक्षण आहे.