उलटी छापलेली खाडी

आदरणीय अध्यक्षमहाराज, शाळेच्या व्यवस्थापक मंडळाचे सन्माननीय सभासद, मालवणहून उन्हातून आलेले प्रमुख पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती सुनीतीबाई, माझे सहकारी, आजी-माजी विद्यार्थी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे दाराशी उभे असलेले आचऱ्याचे ग्रामस्थ बंधुभगिनीहो,

आज शनिवार, दिनांक ३ मे १९६९. भाषणात तारीख कशाला, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण असं की हे भाषण मी माझ्या रोजनिशीच्या वहीत लिहून आणलं आहे, आणि त्या वहीत पानावर आधी तारीख घालायची माझी सवय आहे. या वहीत मी पाच वर्षं आणि तीन महिने काही लिहिलं नव्हतं. या दीर्घ मौनाबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागतो. वहीची नव्हे, तुमची.

अध्यक्षमहाराजांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मुख्याध्यापक म्हणून इतरांच्या भाषणांवर घड्याळ धरणारा मी, आज थोडा जास्त वेळ घेणार आहे. नंतर मला बोलावणं कदाचित येणार नाही.

माझ्या आधी बोललेल्या वक्त्यांनी बाईंच्या तेहतीस वर्षांच्या शास्त्र-अध्यापनाचा गौरव केला. प्रयोगशाळेतली भिंगं, शिस्त, अक्षर, सगळ्याचा उल्लेख झाला. एका गोष्टीचा मात्र कुणीच केला नाही. शास्त्राच्या वर्गातल्या कपाटावर जुन्या धोतरात गुंडाळलेली पाच फुटी वस्तू आहे, ती सर्वांना ठाऊक आहे. बाईंच्या देखत तिचं नाव काढायचं नाही, हा या गावाचा सभ्यपणा. तो आज मी मोडतो.

बाईंचे धाकटे बंधू भाई बोटीवर वायरलेस ऑफिसर होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९६० साली त्यांनी परदेशातून एक पेटी आणली. पेटीवर एक बटण आणि डोलकाठीसारखी उंच तार. पेटीतून सुटलेला संदेश दूरच्या लहानशा यंत्राला मिळतो आणि ते यंत्र हलतं. टपाल खात्याचा परवाना यायला चौदा महिने लागले. तोवर बाईंनी काय केलं असेल? बांबू, पातळ लाकडी पट्ट्या आणि रेशमी कापड यांचं एक हेलिकॉप्टर बांधलं.

हेलिकॉप्टरच का? मी विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "विमान बघतं न् निघून जातं. मला एका जागी उभं राहून बघणारं काहीतरी हवंय." त्याच्या पोटाला डबा कॅमेरा बांधायचा आणि आपली खाडी वरून टिपायची, अशी योजना. शाळेमागच्या कापलेल्या शेतात त्यांनी ते नऊ वेळा उडवलं. नऊही वेळा ते कमरेइतकं वर गेलं, स्वतःभोवती गरगरलं आणि चिखलात आडवं झालं. तेव्हा मासेमारीच्या होडीचा म्होरक्या लवू तांडेल बांधावर बसून विडी ओढत असे. त्याने त्याचं नाव 'उडता जातां' ठेवलं होतं. नवव्यांदा त्याने विचारलं, "बाईनू, आज पीठ पडात काय?" बाई पदर खोचत म्हणाल्या, "याला स्वतःची शेपूटच सापडत नाहीये, लवू. पीठ कुठलं?"

मग त्यांनी तूर्त पाच फुटी विमान बांधून समाधान मानलं. तेच आज कपाटावर आहे. बटण एकदा दाबलं की उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे. पन्नाशी ओलांडलेली बाई वाळूवर अनवाणी पळते आहे, डोक्यावर एरंडेलाच्या धुराचा वास सोडत यंत्र घोंघावतं आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिलं ते विसरलेले नाहीत. मी तर त्यात सामील होतो. भूगोलाचा शिक्षक म्हणून, आणि शाळेच्या अडगळीच्या खोलीत फोटो धुण्याची माझी हौस होती म्हणून. फोटो धुण्या-छापण्याचं काम माझं.

आता मुद्द्यावर येतो. पाणी पिऊन येतो, क्षमा करा.

पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्या गावात काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. सारा गाव गुरंढोरं, कोंबड्यांसकट तीन दिवस शिवेबाहेर राहतो. गाव देवाच्या एकट्याच्या स्वाधीन. १९६३ सालच्या डिसेंबरातल्या पळणीत आम्ही सगळे खाडीपलीकडे झोपड्या घालून होतो. खाडीत त्या दिवसांत एक होडी नाही, जाळं नाही, पाणी आरशासारखं. बाईंनी हेरलं की तळ दिसेल तर आत्ताच दिसेल. कारण त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर खाडीचं तोंड बदललं होतं. वाळू सरकली होती आणि पाण्याखाली एक नवं खडप, म्हणजे खडकाचा सुळका, उघडं पडलं होतं. ते नेमकं कुठे आहे यावर रोज वाद चालत. समुद्रातून आत येणाऱ्या होड्यांसाठी तिथे खुणेचा खांब रोवायचा, असं गावकऱ्यांच्या मनात होतं.

बाईंनी न विचारता विमान उडवलं, असं पाच वर्षं म्हटलं गेलं. ते खोटं आहे. आदल्या संध्याकाळी त्या गावच्या मानकऱ्यांपैकी वडील, दाजी, यांच्या झोपडीपाशी गेल्या. मी बरोबर होतो. बाईंनी विचारलं, "दाजी, माणूस शिवेच्या आत जायचा नाही. पण हे वरून गेलं तर?" दाजी भाकरी मोडत होते. हसून म्हणाले, "बाईनू, शीम जमनीक असता. आभाळाक शीम कोण घालतलो?" पळणीनंतर महिन्याभरातच दाजी वारले. हे शब्द ऐकलेला मी एकटा उरलो, आणि मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला कॅमेरा बांधलेलं विमान चारदा उडालं. एका उड्डाणाला एक चित्र. एकात नुसतं आभाळ, एकात बाईंचा अंगठा, एक हललेलं. चौथ्यात खाडी आली. दोन्ही काठांना माड, मध्ये वाळूची जीभ, आणि पाण्याखाली काळा डाग. बाईंनी ती फिल्म दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली होती.

पळण संपल्यावर मी अडगळीच्या खोलीत ती मोठी करून छापली. कडा कापून ते चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि देवळासमोरच्या धर्मशाळेत टांगलं. सारा गाव बघायला लोटला. लवू सगळ्यांच्या शेवटी आला. बराच वेळ बघत राहिला. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मास्तरानू, ह्या खडप आत येताना उजव्या हाताक आसा. माझा जाळा थंयच फाटला. हंय तर डाव्या हाताक दिसता."

मी त्याला काय उत्तर दिलं असेल? शब्द न शब्द वहीत आहे. मी म्हणालो, "लवू, तू खालून बघतोस. हे वरून आहे. वरून असंच दिसतं."

तो पुन्हा एकदा चित्राकडे वळला. म्हणाला, "तुमी शिकलेले. तुमी सांगतास ता खरा असात."

खांब डाव्या बाजूला रोवला गेला. खांबापासून लांब राहायचं, एवढाच नियम. महाशिवरात्रीच्या आधी लवूचा धाकटा भाऊ सत्यवान भरली होडी घेऊन आत येत होता. तो खांबापासून लांब राहिला, म्हणजे उजवीकडून आला. होडी खडपावर फुटली आणि त्याचा पाय फळी आणि खडप यांच्यामध्ये सापडला. तो आज मुंबईला एका गोदामाच्या दाराशी बसून राखण करतो. समुद्रावर पुन्हा गेला नाही.

त्याच दुपारी मी दार लावून फिल्म बाहेर काढली. फिल्मच्या कडेला कारखान्याची अक्षरं असतात. छापताना मी कडा कापल्या होत्या, म्हणून ती चित्रात आली नव्हती. आता अक्षरं सुलट वाचता येतील अशी फिल्म धरली, आणि खडपाचा डाग उजवीकडे आला. मी ती पालथी घालून छापली होती. चकचकीत बाजू कुठे आणि मंद बाजू कुठे, हे पहिल्या दिवशी शिकवतात. वरून सगळं उलटं दिसतं, असं जगातलं कुठलंही भूगोलाचं पुस्तक सांगत नाही. ते मी त्या क्षणी बनवलं होतं, कारण एका तांडेलासमोर 'बघून सांगतो' म्हणायची मला लाज वाटली.

मी बाहेर येऊन हे सांगणारच होतो. निदान वहीत तसं लिहिलं आहे. पण बाहेर येईपर्यंत गावाला कारण सापडलं होतं. सत्यवानाची आई यशोदाकाकी देवळाच्या पायरीवर बसून रडत म्हणत होत्या, "देव गावात एकटो व्हतो, आणि बायेन तेच्या डोक्यार भिंगरी फिरवल्यान." त्या माउलीला मी काय दोष देऊ? तिचा मुलगा जायबंदी झाला होता. देवाच्या कोपाने खडपच डावीकडून उजवीकडे सरकलं, असं गावाने ठरवलं. खांबाकडे बोट दाखवणारं कुणी नव्हतं, आकाशाकडे दाखवणारे सगळे होते. चित्र त्याच रात्री कुणीतरी उतरवून चुलीत घातलं. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही वहीत आहे.

आठ दिवसांनी देवासमोर गाऱ्हाणं झालं. शास्त्र शिकवणारी ही बाई नारळ घेऊन उभी राहिली. त्यांचा त्यावर विश्वास होता का? मी कधी विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की, यशोदेला झोप लागणार असेल तर माझं काय जातं. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, बायेकडून चुकला-माकला असात तर पदरात घे म्हाराजा. आणि सगळ्या गावाने हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

सगळ्या गावात मीही होतो. मीही म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

त्या जूनमध्ये मुख्याध्यापकाची जागा भरायची होती. बाई माझ्याहून नऊ वर्षांनी ज्येष्ठ. मंडळाने गावाच्या भावनेचा विचार केला, आणि मी त्या खुर्चीत बसलो. बाईंनी मला पेढा दिला. तेव्हा एकच गोष्ट मागितली, "ती मूळ फिल्म द्या. भाईला पाठवीन म्हणते." मी सांगितलं, बुरशी लागून गेली. त्या म्हणाल्या, "कोकणात सगळंच जातं." आणि वर्गावर गेल्या. त्यांच्या एकुलत्या एका यशस्वी उड्डाणाचा कागद त्यांच्याकडे नाही. नव्या हेलिकॉप्टरच्या शेपटीचं चित्र त्यांनी काढून ठेवलं होतं, तेही नंतर कुणी पाहिलं नाही.

मी तीनदा त्यांच्या घरी सांगायला गेलो. तीनही वेळा त्यांनी चहा टाकला आणि मी परीक्षेच्या पेपरांविषयी बोलून परतलो. मग आज, भर सभेत, शाल-श्रीफळाच्या मध्ये का बोलतो आहे? त्यांचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून, की मला झोप लागावी म्हणून? गेला आठवडा हाच प्रश्न उलटसुलट करतो आहे. उत्तर सापडत नाही. पण उत्तराची वाट बघत आणखी पाच वर्षं जातील, म्हणून उत्तर न सापडताच बोलतो.

बाई, फिल्मला बुरशी लागलेली नाही. ती या पाकिटात आहे. आपण उठू नका, मी तिथे येतो.

... अध्यक्षमहाराज, क्षमा करा. बाई खिडकीच्या उजेडात फिल्म बघताहेत. थोडं थांबावं लागेल.

बाई विचारताहेत, अक्षरं कुठून वाचायची. अशी धरा, बाई. हां. आता आत येताना उजव्या हाताला.

वहीत इथून पुढे दोनच ओळी आहेत. एक आभाराची आणि एक उद्याच्या कामाची. दिवसाच्या शेवटी उद्याचं एकच काम लिहायचं, ही माझी जुनी सवय. मी लिहून आणलं होतं, 'उद्या, राजीनामा मंडळाकडे देणे.' पण आत्ता फिल्म बघून झाल्यावर बाई मला जे म्हणाल्या, ते तुमच्यापर्यंत पोचलं नसेल. त्या म्हणाल्या, "हे मला काय दाखवता? मी आता पाहिलं. लवूला दाखवलंत का?"

नाही दाखवलं. लवूला आजचं आमंत्रण गेलं होतं. निरोप आला, शाळेत माझा काय काम. सत्यवान पडल्यापासून तो या आवारात आलेला नाही. पाच वर्षं तो समजतो आहे की, चित्र खरं होतं, त्याचं फाटलेलं जाळं आणि त्याचा उजवा हात चुकले, आणि त्या चुकीमुळे त्याला भावासाठी भांडता आलं नाही. आणि मी माझ्या राजीनाम्याची भाषा सुंदर करत बसलो होतो.

तेव्हा ती ओळ मी खोडतो. राजीनामा होईल तेव्हा होईल, तो मंडळाचा प्रश्न आहे.

व्यवस्थापक मंडळाचे, पाहुण्यांचे, ज्यांनी हे मध्येच उठून न जाता ऐकलं त्या सर्वांचे आभार. बोलताना काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं म्हणून वक्ता खाली बसतो. मी तसं म्हणणार नाही. उणं काय झालं ते तुम्ही ऐकलं आहे, आणि पदरात घ्यायचं की नाही हे तुम्ही सावकाश ठरवा. बाई, फिल्म तुमची आहे, पण एक दिवसासाठी उसनी मागतो. त्यांनी दिली आहे.

उद्या, रविवार. सकाळी फिल्म घेऊन लवूच्या घरी जाणे.