निळं माकड आणि झऱ्यावरची टाचणी

...हो, मीच निवडली, आता काय गळफास लावून घेऊ? तुम्हाला सांगते, आमच्या उसांबाराच्या डोंगरात मका पेरायचा आपण आणि खुडायचा माकडांनी. नावाला निळं माकड, रंग चुलीतल्या राखेचा, आणि नखरे सासुरवाडीला आलेल्या जावयाचे. एक कणीस चावून टाकलं की दुसरं! दोन महिने राखणीच्या खोपीत बसून डबा बडवायचा, घसा बसेस्तोवर ओरडायचं... तेव्हा कुठे मक्याची उगाली घाटायला पुरेल एवढं पीठ घरात येतं.

तर शहरातनं जंगलवाले आले. म्हणाले, गावानं एक जीव निवडायचा आणि त्याला जपायचं. निळं माकड, नाहीतर झऱ्यावरची ती काडीएवढी टाचणी, चतुराची धाकटी बहीण, पंखांवर काळपट पट्टा असलेली. सभेत पुरुष बाकांवर, आम्ही बाया चटईवर. समितीचे म्हातारबा शेमदोए माकडाचे गोडवे गायला लागले, हुशार असतं, लेकराला छातीशी धरतं, अगदी माणसासारखं. मी उठलेच.

"म्हातारबा, माणसासारखं आहे म्हणूनच नको. माणसं आहेत तेवढी पुरेत. टाचणी कुणाच्या अध्यात ना मध्यात, पानावर बसते, चिलटं खाते. आणि टाचणी मक्याला हात लावत नाही!"

अख्ख्या चटईनं हात वर केले. मग बाकांनीही केले, घरी जेवायचं होतं ना. आमच्या नैमाचा बाप घरी जाताना वाटेत म्हणाला, जरा विचार करून बोलायचं होतंस. म्हटलं, विचार कसला त्यात? टाचणी मक्याला हात लावत नाही.

आठवड्यानं कागद आला. टाचणीला सावली लागते, म्हणून झऱ्याकाठची एकही फांदी छाटायची नाही. धूर नाही, दगड नाही, डबा बडवणं नाही. आणि झऱ्याकाठी शेत कुणाचं? माझं! दरसाल मी त्या फांद्या छाटायचे, म्हणून माकडांना जमिनीवर उतरून यावं लागायचं, तिथे मी त्यांना गाठायचे. आता फांदीवरून फांदीवर येतात, थेट कणसावर. मी आपली हातावर हात ठेवून बसलेय. काल एक माकडीण लेकराला छातीशी धरून आली, माझ्याकडे बघत बघत चार कणसं खाल्ली... खरंच माणसासारखी. टाचणी शेजारच्या पानावर. तिनं मक्याला हात लावला नाही, खोटं कशाला बोलू?

म्हातारबा वरच्या वाटेनं चालले होते. थांबले. म्हणाले, "नैमाची आई, बदलायचं का? माकड घेऊ?"

मी म्हटलं, मग फांद्या छाटता येतील, पण माकडाला हुसकता येणार नाही. राहू द्या. यंदा रताळी लावते, ती तरी जमिनीखाली असतात.

"लाव की," म्हणाले. "पुढच्या महिन्यात ते रानडुकराचं विचारायला येतायत."

म्हटलं, त्या दिवशी मला सभेला बोलावू नका.