मधल्या सीला चार म्हटलं

—ती खुर्ची डुगडुगते, या दुसरीवर बसा. तर काय म्हणत होतात, तुमचं ते कीबोर्डाचं यंत्र बिघडलंय. पट्टी हळू दाबली की चेलो बरोबर वाजतो, जोर दिला की मधलेच काही सूर सप्तकभर खाली—तळघरात कुणी कपाट ओढल्यासारखे. बिघडलं नाहीये, बाई. माझ्या धाकटीनं चेलोवर एकेक सूर सुटा वाजवला, हळू वेगळा, जोरात वेगळा, मी एकेकाची फाईल केली, चौदाशे फायली, आणि तुमचं यंत्र फाईलचं नाव वाचतं नि सूर त्या पट्टीवर नेऊन ठेवतं. कीबोर्डाच्या मधल्या सीला, त्या 'सी' सुराला, कुणी तीन नंबरचा म्हणतं, कुणी चार. यंत्र तीन म्हणतं. मी जोरातल्या काहींना चार म्हटलं, ते सप्तकभर वरच्या पट्टीवर जाऊन बसले. दोन्ही रीती खऱ्या आहेत, विचारा कुणालाही.

काहींना म्हणजे कुठल्या? ते मी सांगायचं? तुमच्या मालकांना विचारा—'नावं दिलीत ना, आता ऐकणारं माणूस कशाला,' हे मला दारात उभं करून कोण म्हणालं? घ्या मग नावं. ही विद्या मी कुठल्या शाळेत शिकले नाही, कानानं शिकले. पण यंत्राच्या वेष्टणावर 'वादन' म्हणून मालकांच्या सुनेचं नाव छापायला चाललंय, एवढं वाचता येतं मला. वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी नावं बदलायला बसले—म्हणजे बसले असं नाही, हातून झालं—बरं, बसले. कामावरून निघायच्या आधीचे तीन दिवस. क्रम मुद्दाम ठेवला नाही. ऐकून लावा म्हणते मी, कान असतील कुणाला तर.

धाकटी आत आहे. नाही, भेटणार नाही ती कुणाला. मनगट गेलं तिचं, चेलोचा गज धरवत नाही. मालकांनी कशाला—मालक तर म्हणत होते, थांबा आता, उद्या करू. मीच म्हणायची, एकदाच अजून, हा स्वच्छ आला नाही. अकरा दिवस मीच तिला—ते राहू द्या, तुम्हाला काय करायचंय. वेष्टणावर तिचं नाव छापून आणा, मग फायलींना हात लावते. आधी नाव.

काय?

टाकून देणार—तिचे सूर, सगळेच? आणि सूनबाई खरंच वाजवणार? माझ्याकडे कुठली प्रत? निघताना पिशवी उलटी करून बघितली होती माझी.

फायलींची डिस्क आणलीय? ठेवा इथे, लावून देते सगळे. वेष्टणावरच्या नावाचं—नावाचं राहू द्या. हळू बोला, आत ऐकू जातं तिला. आणि निघा आता. दार ओढून घ्या.