ओलीची खोली

वेल्समधल्या बाला गावी, बांधकामाच्या सामानाच्या दुकानात नेरिस रांगेत उभी होती. तिला घाई होती, पण पुढच्या म्हाताऱ्या जोडप्याची हुज्जत संपेना.

"इड्रिस, तो रंगाचा डबा ठेव परत."

"अगं टेगवेन, हा ओल धरत नाही म्हणे."

"मागच्या वर्षीही हाच लावलास. नाताळापर्यंत पोपडे आले."

"पाऊस जास्त झाला गं."

"इथे कधी कमी होतो? खोलीच्या दगडी भिंतीवर तू सिमेंट थापलंस, आतलं पाणी जाणार कुठून? ते काढून चुन्याचा गिलावा करायचा."

"सगळं काढायचं? आपल्या लग्नाआधी किती हौसेनं लावलं होतं! तुला थंडी वाजू नये म्हणून."

"माहितीये. बादल्या मीच आणून देत होते ना? पण आता लोवरी बाळाला घेऊन येतेय. त्या खोलीत नातू खोकायला लागला, तर पुन्हा येईल का आपली लेक?"

इड्रिसने डबा फळीवर ठेवून दिला.

"चुना द्या हो," तो दुकानदाराला म्हणाला. "आणि छिन्नी-हातोडीची एक जोडी."

"दोन जोड्या द्या."

"तू कशाला ठोकायला?"

"तू एकट्याने ठोकलंस, तर तुझी पाठ मलाच चोळावी लागेल. त्यापेक्षा दोघांचीही दुखू दे."