लिफ्टसमोरची पाटी

सोसायटीच्या पाट्यांना नावं ठेवू नका रे, मी तर त्यांचा ऋणी आहे. आमची चिऊ तीन वर्षांची झाली तरी एकेका शब्दाच्या पुढे जात नव्हती. डॉक्टर म्हणाले, "रोज मोठ्याने वाचून दाखवा." मी गोष्टी वाचायचो, पण तिला आवडायची फक्त लिफ्टसमोरची पाटी. मी राक्षसाच्या आवाजात वाचायचो, चिऊ खिदळायची.

एकदा खुद्द चेअरमनकाका तिथे स्कूटर लावत होते. चिऊ राक्षसाच्या आवाजात ओरडली, "इथे गाडी लावू नये! हवा सोडली जाईल!"

काका भडकले. "हे हिला कोणी शिकवलं?"

बायको डोळे पुसत म्हणाली, "तुम्हीच, काका. पाटी तुम्हीच लावलीत ना? आणखी दोन-चार लावा हो!"