तळ्याकाठचा रुसवा

"काकू, अनुदानाच्या पैशापायी तुम्ही चांगलं वावर खणून तळं कायले केलं?"

मारेगावच्या बसथांब्यावर मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून सलोनीनं शेजारी नवऱ्याशी आपल्या नव्या शेततळ्याबद्दल बोलत बसलेल्या अनोळखी इंदूबाईंना बेधडक विचारलं. चांगलं वावर वाया जातं, असंच म्हणून तिचे बाबाही शेततळ्याला नकार देत होते.

"ह्यायलेच इचार." इंदूबाईंनी नवऱ्याकडे बोट केलं. "कापसाच्या पऱ्हाटीची जागा गेली म्हणून दिवाळीपर्यंत रुसले होते."

"मंग? काळीभोर जमीन होती ते."

"अन् औंदा हरभऱ्याले पाणी कुठचं देल्लं?"

"तळ्याचं."

"आता सांजेले तिथंच बसतेत. जेवाले बलवा लागते!"

"मासोळ्या पाह्यतो वं."

घरी दप्तर न उतरवताच सलोनी म्हणाली, "आई, बाबा, आपल्या वावरात तळं होणार. अर्ज मी भरीन. बाबा, आधी पोटभर 'नाही, नाही' म्हणून घ्या, मंग सही करा!"