लहानू किती लांब होता

(गोंडपिपरी. पोलीस वसाहतीतलं घर, सकाळ. शिपाई अश्वजित वर्दी चढवतो आहे. त्याची आई बायनाबाई चहा ठेवते आहे.)

बायनाबाई: मंग काय बिघडलं? पेपरातला फोटोच तर कापला.

अश्वजित: मिथुनचा काऊन कापला माय? तुया पोरगा बी पोलिसातच आहे.

बायनाबाई: तुया आला असता तर तुया कापला असता. तो बी मायाच हातचं खाऊन मोठा झाला. भरतीच्या सरावाले संगच पळाले तुमी, संगच भरती झाले. विहारात साऱ्याईले दाखवला मी. मोठ्या साहेबानं हार घातला म्हनलं आमच्या मिथुनले.

अश्वजित: तो हार माया होता.

बायनाबाई: असा कसा तुया?

अश्वजित: लहानू चोर पळाला, तवा त्याच्या मागं कोन धावलं? मी. काट्याकुट्यातून, नाल्यातून मी. मिथुन वरत रस्त्यावर गाडीपाशी उभा. मी लहानूच्या खांद्यावर हात टाकनार, तेवढ्यात यानं वरतून गोळी घातली. लहानू जागीच पडला. आन नाव कोनाचं झालं? बढती कोनाले भेटून राह्यली?

बायनाबाई: त्या दिवशी तर तूच म्हने, लहानू पार कापसाच्या पऱ्हाटीत घुसला होता.

अश्वजित: घुसतच होता.

बायनाबाई: मंग बढतीची बातमी आली, तवा म्हने चार पावलावर होता. आज तू त्याच्या खांद्यावर हात टाकून राह्यला. मिथुनले जसे जसे हार पडून राह्यले ना बापू, तसा तसा लहानू तुयाजवळ येऊन राह्यला.

अश्वजित: चहा दे. चौकशीत बयान आहे मायं आज, तहसीलीत.

बायनाबाई: खुनी मानसाले मारलं, त्याची कायची चौकशी?

अश्वजित: पोलिसाच्या गोळीनं मानूस मेला का चौकशी होतेच. पळनाऱ्याले धरासाठी जोर लावता येते माय, पन जीव घ्याची मोकळीक नाई. फाशी नाईतर जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप असन, त्याच्यापुरतीच कायदा सूट देते. ते बी दुसरा इलाजच नसन तर.

बायनाबाई: खुनाले जन्मठेपच असते ना?

अश्वजित: असते. पन गोळी सुटली तवा लहानूवर खुनाचा आरोपच नव्हता. शेतातली मोटर चोरली, एवढंच होतं त्याच्या नावावर. तिथल्या चौकीदाराले कोनीतरी मारलं होतं. तो दवाखान्यात मेला, लहानूवर संशय आहे, असं वायरलेसवर आलं. तवर लहानू पडला होता. त्याच्या तोंडात मी पानी टाकून राह्यलो होतो.

बायनाबाई: मंग चौकीदाराले लहानूनंच मारलं का नाई?

अश्वजित: आता कोनाले विचारतं? कोर्टात उभा राह्यला असता तर समजलं असतं.

बायनाबाई: हे तुले पह्यल्या दिवसापासून माहीत आहे?

अश्वजित: कोनी विचारलं नाई मले.

बायनाबाई: का हार पाहून आठवलं?

मिथुन: (दारातून आत येत) मावशी, चहा आहे का?

बायनाबाई: ये बापू, बस. डोये काऊन सुजले तुये?

मिथुन: झोप नाई लागत यार मावशी. अश्वजित, सोबतच जाऊ ना. एकच गोष्ट बोलाची होती.

अश्वजित: बोल. मायसमोरच बोल.

मिथुन: तो वायरलेस. आधी आला म्हन ना. आधी खुनाचं समजलं, मंग मी फायर केलं. जरासाच तर फरक आहे बे.

अश्वजित: त्या जराशात लहानू गेला.

मिथुन: माये लेकरं लहान आहेत यार. नोकरी खतम होईन. केस बी लागन.

अश्वजित: मले माहीत आहे.

मिथुन: समजलं. जळून राह्यला तू. शाळेपासून जळते मायावर.

अश्वजित: हो. जळतो. पळाले तू पुढं, नेमबाजीत तू पुढं, मायाच घरात मायाच मायनं फोटो तुया कापला. पोटात आग आहे माया.

मिथुन: मंग हेच सांग साहेबाले.

अश्वजित: विचारलं तर सांगन. पन मी जळतो म्हनून वायरलेस आधी येत नाई, मिथुन. तो मंगच आला.

बायनाबाई: आन दुसरं? खांद्यावरच्या हाताचं?

मिथुन: कोनता हात?

अश्वजित: काई नाई. लहानू माया हातात आला होता, तू गोळी घातली नसती तर मी जित्ता धरला असता, असं सांगनार होतो. नाई सांगत आता. तो किती लांब होता, ते मले समजतच नाई. रोज वेगळाच दिसते.

मिथुन: जवळ होता.

अश्वजित: काय?

मिथुन: मी वरतून पाहून राह्यलो होतो. तुले दम लागला होता, तुले काय दिसनार? लहानूचा पाय चिखलात फसला होता. तू पोचलाच होता, बे.

अश्वजित: मंग काऊन चालवली?

मिथुन: म्हनूनच.

बायनाबाई: मिथुन, काय बोलून राह्यला तू?

मिथुन: मले वाटलं, आता हा धरते. आता याचं नाव होते. बस, एवढंच आलं डोक्यात मावशी. बाकी काईच नाई. चोर नाई, कायदा नाई. भरतीपासून जे मायं असते ते आज याले भेटते... आन बोट दबलं.

बायनाबाई: लहानूची बायको कलाबाई काल विहिरीवर भेटली मले. तिच्याकडून मोहफुलं घेत होतो आपन. मी तोंड फिरवून आली. खुन्याची बायको म्हनून.

मिथुन: ते बी येनार आहे आज. तिचं बी बयान आहे.

अश्वजित: येऊ दे.

मिथुन: मी आता जे बोललो, ते सांगशीन तू?

अश्वजित: वायरलेसचं मी सांगन. हे मी नाई सांगत. हे तुयं आहे, तूच सांग.

मिथुन: आन नाई सांगता आलं तर?

अश्वजित: चावी दे इकडे. तुयी झोप झाली नाई, गाडी मी चालवतो.